त्रेचाळीस दुकानांचा एक कारखाना

कारखाना कशास म्हणावे याची व्याख्या मी चोवीस वर्षांपूर्वी लिहिली, आणि ती मी लिहिली याचा मला अभिमान होता. ‘एका छपराखाली, एका प्रमुखाच्या देखरेखीत, जेथे कच्च्या मालाची पक्की वस्तू होते, ते स्थळ.’ या वाक्यातील एकही शब्द काढता येत नाही आणि एकही घालता येत नाही, असे मी पुष्कळांना ऐकवले आहे. सोलमधील ज्या पाहणी संस्थेत माझी हयात गेली, तेथे याच वाक्याच्या आधारे शहरातील प्रत्येक उद्योगास शंभरापैकी गुण दिले जात. छपराखाली जितक्या प्रक्रिया अधिक तितके गुण अधिक. या बेरजेला आम्ही आधुनिकतेचा अंक म्हणत असू. चाळीसच्या वर अंक असणारा उद्योग राही. खालचा पुनर्विकासाच्या पहिल्या टप्प्यात पाडला जाई.

सोलच्या मध्यवस्तीतील उल्जिरो रस्त्यामागच्या ज्या चिंचोळ्या गल्लीला लोक लोखंडगल्ली म्हणतात, तिच्यातील त्रेचाळीस दुकानांचा सरासरी अंक अकरा आला.

मला त्यात काही वावगे वाटले नाही. आठ हात रुंदीच्या बोळात कोणी नुसते ओततो, कोणी लेथवर नुसते कातकाम करतो, कोणी दिवसभर केवळ भोके पाडतो. अशा दुकानांना अकरा हेच पुष्कळ झाले, असे माझे मत होते. नियमाप्रमाणे निकाल जाहीर होण्यापूर्वी पाहणीप्रमुखाने स्वतः जागेवर जाऊन तो वाचून दाखवायचा असतो, आणि चौदा दिवसांत हरकती घ्यायच्या असतात. नोव्हेंबरच्या एका सकाळी नऊच्या सुमारास कागदांची पिशवी घेऊन मी गल्लीत शिरलो आणि पहिल्याच दुकानापुढे थांबलो. ते गिल बुन-सुन यांचे. वय सदुसष्ट, नवरा गेल्यापासून एकोणीस वर्षे त्या एकट्या लेथ चालवत होत्या. सारी गल्ली त्यांना गिलकाकू म्हणे.

मी निकाल वाचला. काकूंनी लेथ बंद केले नाही. वेग मात्र थोडा उतरवला.

“अकरा? कितीपैकी?”

“शंभरपैकी.”

“माझ्या थोरल्याला गणितात अकरा मिळाले होते एकदा. त्याच्या बापानं पट्टा काढला होता.” त्यांनी पितळेचा कीस फुंकून टाकला. “आम्हाला कोण मारणार, साहेब?”

“मारायचा प्रश्न नाही, काकू. पहिल्या टप्प्यात गल्ली पाडली जाईल. पुढच्या वसंतात.”

लेथ थांबले. त्यानंतर त्या जे बोलल्या ते अगदी सावकाश बोलल्या. “पाडून आम्हाला कुठं नेणार?”

“शहराबाहेर औद्योगिक इमारत आहे. चौदा मजली. प्रत्येकाला स्वतंत्र गाळा मिळेल. उजेड, लिफ्ट, सगळं आहे.”

“पलीकडच्या योमभाऊजींची भट्टी कितव्या मजल्यावर?”

“भट्ट्यांना तिथं परवानगी नाही. ओतकामवाल्यांची सोय दुसरीकडे, नदीपलीकडे होईल.”

“म्हणजे मी एकीकडे, भट्टी नदीपलीकडे, मुलामेवाला तिसरीकडे.” त्यांनी चिंधीला हात पुसले. “मग आम्ही कामच कसं करायचं ते पण लिहिलंय का कागदात?”

याला उत्तर देण्यासाठी मी तोंड उघडले, तोच एक तरुण मुलगी धावत आली. गळ्यात ओळखपत्राची फीत, पायांत पांढरेशुभ्र बूट. मोठ्या रस्त्यावरील काचेच्या इमारतीत यंत्रमानव बनवणारी एक कंपनी आहे, तिच्यातली ती इंजिनिअर, नाव सो-ह्यन. तिच्या तळहातावर पितळेचे एक तडकलेले कडे होते. यंत्राच्या हाताचे ते मनगट.

“काकू, तीन वाजता पाहुणे येताहेत. जर्मनीचे. आणि हात हलत नाहीये.”

“तुझा का यंत्राचा?”

“दोघांचाही.”

काकूंनी कडे डोळ्यांजवळ नेऊन फिरवले. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “साहेब, हरकती मग ऐका. तुमच्याकडे वेळ असेल तर या मागनं. नाहीतरी एका दुकानात बघण्यासारखं काही नाही, असंच लिहिलंय ना तुम्ही.”

टोमणा मला समजला. घड्याळात नऊ वाजून वीस मिनिटे झाली होती. मी वही काढली आणि निघालो. पुढे जे पाहिले ते, मला सवय आहे म्हणून, वेळांसह टिपून ठेवले आहे.

पाच दुकाने पलीकडे योम जोंग-प्योंची भट्टी. सत्तरीचा हा ओतारी आमच्यापुढे कोणाही आकृतीवाचून कामाला लागला. भेग मेणाने बुजवून त्याने त्या जुन्या कड्यालाच चिकटपट्टीचे दोन वेढे दिले. धातू निवताना आकसतो आणि लेथवर थोडा छिलला जातो, तेवढी जाडी आधीच वाढवून ठेवायची. तसे ते वाळूत दाबले, काढले, आणि त्या पोकळीत पितळ ओतले. सो-ह्यनने विचारले, “दोनच वेढे का, काका?” त्याने गिलकाकूंच्या दुकानाकडे हनुवटी हलवली. “तिचा हात हलका आहे. दुसऱ्या कुणाकडे जायचं असतं तर तीन दिले असते.”

हे वाक्य मी तसेच्या तसे उतरवून घेतले. एका मनुष्याने ओतावयाच्या वस्तूची जाडी, दुसऱ्या मनुष्याच्या हाताचे वजन ध्यानात घेऊन ठरवावी, हे मी पाहिलेल्या कोणत्याही मोठ्या कारखान्यात घडत नसे. तेथे तीन वेढ्यांचा नियम असता आणि तो भिंतीवर लावलेला असता.

दहा पंचावन्नला कडे काकूंच्या लेथवर चढले. अकरा चाळीसला ते भोके पाडणाऱ्या दुकानात गेले. प्रत्येक दुकानाची खडूची एक खूण आहे. काम झाले की वस्तूवर ती काढायची आणि पुढच्याच्या हाती द्यायची. काकूंच्या दोन आडव्या रेघा, भोकेवाल्याचा ठिपका. कोणी कोणास काही सांगत नव्हते. पुढचा मनुष्य वस्तू हातात घेई, बोट फिरवी, आणि काय करायचे ते त्यास उमगे. या गल्लीत एक फेरी मारली तर पलीकडच्या टोकाला पाणबुडी तयार होते, ही सोलमधील जुनी थट्टा मीही लहानपणापासून ऐकलेली. त्या दिवशी प्रथमच तिची चाल डोळ्यांनी पाहिली.

घासून चकाकी आणणाऱ्या ह्वांगचे दुकान मात्र बंद होते. पुतणीच्या लग्नाला तो दक्षिणेस गेला होता. सो-ह्यनचा चेहरा पडला. काकूंनी चौकटीवरच्या खिळ्याची किल्ली काढली, फळी उचलली, ह्वांगचा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि त्याच्या यंत्रावर वीस मिनिटांत कडे असे घासले की त्यात मला माझी टाय दिसू लागली. मग खडू घेऊन त्यांनी त्यावर अर्धचंद्र काढला. ती ह्वांगची खूण.

“तुमच्या रेघा का नाही काढल्या?” मी विचारले.

“घासणं त्याचं काम आहे.”

“पण केलंत तुम्ही.”

“तो असता तर त्यानं केलं असतं. लग्नाला गेला म्हणून काय त्याचं काम पळवायचं?”

मी पिशवीतून त्यांनीच भरलेला तक्ता काढला. ‘आपणांस कोणकोणती कामे येतात’ या रकान्यात सत्तावीस कामांची यादी होती आणि काकूंनी एकाच कामापुढे खूण केली होती: कातकाम.

“काकू, तुम्हाला बफिंग येतं.”

“येतं की.”

“आणखी काय येतं?”

“भोकं पाडते. आटे पाडते. झाळकाम येतं. भाऊजी आजारी होते तेव्हा दोन महिने ओतलंसुद्धा.”

“मग इथं का नाही लिहिलं?”

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी भर गल्लीत सदरा काढला होता. “तो कागद सगळ्यांसमोर भरला होता, साहेब. ह्वांग शेजारी बसला होता. त्याच्यादेखत मी लिहू, मला बफिंग येतं म्हणून? त्यानं काय समजायचं?”

येथे मला प्रथम शंका आली, आणि शंका आली की ती तपासल्याखेरीज मला जेवण जात नाही. कडे मुलाम्याच्या टाकीत होते तेवढ्या अवधीत मी नऊ दुकानांत शिरून तोच प्रश्न विचारला. नऊच्या नऊ जणांना सहा ते अकरा कामे येत होती. नऊच्या नऊ जणांनी एकच लिहिले होते, आणि तेही शेजाऱ्याच्या कामाला चुकूनही धक्का लागणार नाही असे पाहून. अकरा हा अंक त्यांच्या अडाणीपणाचा नव्हता; त्यांच्या भिडेचा होता. माझा तक्ता त्यांना विचारत होता की तुम्ही किती मोठे आहात, आणि त्रेचाळीस माणसांनी एकमेकांकडे पाहून उत्तर दिले होते की एवढे एवढेसे.

दोन वाजून पाच मिनिटांनी सो-ह्यन चमकते कडे रुमालात गुंडाळून काचेच्या इमारतीकडे पळाली.

माझ्या मते प्रश्न सुटला होता. जेवणवाली डोक्यावर चार थरांची ताटे तोलत आली, भट्टीपुढे सोयाबीनच्या रश्श्याची भांडी मांडली गेली आणि आठदहा जण बाकांवर बसले, तेव्हा मी उभा राहून बोललो. चौदा दिवस हातात आहेत, प्रत्येकाने हरकतीचा अर्ज करून आपल्याला येणारे प्रत्येक काम लिहावे, सरासरी अंक सहज पन्नासावर जाईल, गल्ली वाचेल.

योमने मुळ्याची फोड चावून संपवली.

“वहिनी लिहिणार त्यांना ओतकाम येतं. मी लिहिणार मला लेथ येतं. बरोबर?”

“बरोबर.”

“मग उद्या कुणी तो कागद वाचून माझ्याकडे लेथचं काम घेऊन आला, तर मी काय सांगू? खोटं लिहिलंय म्हणू, का वहिनींच्या पोटावर पाय देऊ?”

“अहो योमदादा, तो नुसता कागद आहे.”

“नुसत्या कागदावरच तर पाडताय ना गल्ली?”

बाकांवर हशा पिकला. मी चिडलो, हे कबूल करतो. जगात असे कोठेही चालत नाही, मी म्हणालो. वाचण्याची संधी चालून आली असता भिडेखातर ती दवडणे, यालाच मागासपणा म्हणतात.

“मग पुढारलेपण कशाला म्हणतात, ते सांगा,” गिलकाकू म्हणाल्या. “मी मस्करी करत नाही. तुम्ही शिकलेले. कारखाना म्हणजे काय, ते तरी सांगा.”

मी व्याख्या म्हणून दाखवली. पाठच होती.

“एका छपराखाली,” काकूंनी परत उच्चारले, आणि वर पाहिले. मीही पाहिले. गल्लीवर पत्रे, ताडपत्र्या, फळ्या एकमेकींवर चढत गेल्या होत्या. एका दुकानाचा पत्रा दुसऱ्याच्या भिंतीवर टेकला होता आणि दुसऱ्याची ताडपत्री तिसऱ्याच्या खांबाला बांधली होती. “इथनं मुलामेवाल्यापर्यंत पावसात छत्री लागत नाही. ओलं पितळ घेऊन कधी कुणी आलेलं मला आठवत नाही. हे छप्पर नाही, तर काय आहे?”

“वहिनी, वकील व्हायला हव्या होत्या तुम्ही,” योम म्हणाला.

“झाले असते, तर तुम्हाला कधीच सोडवलं नसतं.”

दुसऱ्या दिवशी टेप घेऊन गेलो आणि छप्पर मोजले. एकशे अठरा मीटरांत फक्त दोन ठिकाणी ते तुटत होते. एके ठिकाणी दोन वीत, दुसऱ्या ठिकाणी हातभर. योम लगेच पत्रा घेऊन आला, “सांगा, आत्ता ठोकतो.” मी त्यास थांबवले. पाहणीच्या दिवशी जे नव्हते ते नंतर ठोकून दाखवणे ही लबाडी झाली असती. आणि त्याहून महत्त्वाचे असे की, शब्दाच्या फटीतून निसटून जिंकणे मला कधीच मानवलेले नाही. छप्पर अखंड आहे की नाही, हा प्रश्नच गौण होता. मूळ प्रश्न हा की मी छप्पर हा शब्द व्याख्येत का घातला होता.

दहा दिवस मी त्या एका प्रश्नाशी झुंजत राहिलो. विद्यार्थिदशेत मी तीन परदेशी शहरांचे अहवाल वाचले होते आणि त्यांतल्या भव्य इमारतींनी, एका दाराने खनिज आत जाते आणि दुसऱ्या दाराने मोटार बाहेर पडते अशा त्या वर्णनांनी दिपून गेलो होतो. मी पाहिले होते छप्पर. पाहायला हवे होते त्याखालचे हातांचे सातत्य. ज्या तीन शहरांतून मी माझी व्याख्या उचलली, त्यांपैकी दोन शहरांतले ते कारखाने एव्हाना ओस पडले होते, आणि तिथले पंडित आता लहान लहान दुकाने एकमेकांच्या शेजारी कशी आणता येतील यावर परिषदा भरवीत होते. आम्ही मात्र जे शेजारी शेजारी आपोआप उगवले होते ते उपटून चौदा मजल्यांत वेगवेगळे ठेवणार होतो, आणि या कृत्यास आधुनिक म्हणणार होतो. जी गोष्ट दुसऱ्याने टाकून दिली ती उशिरा उचलणे म्हणजे पुढे जाणे नव्हे. एवढे साधे अनुमान काढावयास मला चोवीस वर्षे आणि एक पितळी कडे लागले.

तेव्हा मी नवी व्याख्या लिहिली: ‘जेथे एका हातातून दुसऱ्या हाती जाताना कच्च्या मालाची पक्की वस्तू होते, आणि प्रत्येक हातास पुढच्या हाताची जाण असते, ते स्थळ.’ ही पहिलीइतकी घट्ट नाही, हे मी जाणतो. परंतु ती खरी आहे. तिच्या आधारे त्रेचाळीस दुकानांचा मिळून एकच तक्ता भरला. सत्तावीसपैकी सव्वीस कामांपुढे खूण झाली, आणि कोणासही शेजाऱ्याचे काम आपले म्हणून सांगावे लागले नाही.

अडचण शेवटच्या रकान्यात आली. ‘कारखानाप्रमुखाचे नाव व सही.’ त्याखेरीज तक्ता संगणकात चढत नाही. उद्या शुक्रवार, चौदावा दिवस.

“काकू, तुम्ही करा सही.”

“मी प्रमुख?” त्या हसल्या. “आणि परवा ह्वांगच्या दुकानात खिळ्यावरची किल्ली काढायला कुठल्या तोंडानं जाऊ? मालकीण म्हणून?”

योमने हात वर केले. मुलाम्याच्या टाक्या सांभाळणाऱ्या शिमने तर मी पूर्ण विचारण्याआधीच मान हलवली. कोणीही नकार मोठ्याने दिला नाही. पण दुपारपर्यंत मी त्रेचाळीस दारांवरून रिकामा कागद घेऊन परत आलो होतो. ज्यांनी अंक वाढवण्यासाठी शेजाऱ्याचे काम लिहिले नाही, ते गल्ली वाचवण्यासाठी शेजाऱ्याच्या डोक्यावर बसतील, ही माझीच अपेक्षा मूर्खपणाची होती.

जेवणवाली रिकामी भांडी गोळा करीत होती. गिलकाकूंनी तिच्या हातून एक वाडगा घेतला, पुसला, आणि माझ्या कागदाच्या मधोमध पालथा ठेवला.

“आमच्या जोल्ला प्रांताकडे पणजोबांच्या वेळी शेतकऱ्यांचं बंड झालं, तेव्हा असं करायचे. शिपायांना कागद सापडला तरी पहिलं नाव कुणाचं ते कळायचं नाही.” त्यांनी वाडग्याच्या काठाशी पेन टेकवून आपले नाव लिहिले आणि कागद थोडा फिरवून योमपुढे सारला. “लिहा भाऊजी. इथं वर पण कुणी नाही, खाली पण कुणी नाही.”

शाळेत आम्ही सर्वांनीच असा कागद पाठ्यपुस्तकातील चित्रात पाहिला होता. चार वाजेपर्यंत वाडग्याभोवती त्रेचाळीस नावे, त्रेचाळीस सह्या आणि त्रेचाळीस फोन क्रमांक सूर्याच्या किरणांसारखे उमटले.

आता सारे एका मनुष्यावर होते. आमच्या संस्थेचे संचालक मेंग ते-जुन कॉलेजात माझ्या तीन वर्षे मागे. खाजगीत अजून मला दादा म्हणतात. व्याख्येतील दुरुस्तीला त्यांची मान्यता आणि तक्त्यावर त्यांची सही मिळाली तर गल्ली राहणार. नाही तर पाचच्या ठोक्याला जुना अकरा समितीकडे जाणार. शुक्रवारी दुपारी एक वाजता मी त्यांच्यापुढे बसलो. त्यांनी व्याख्या दोनदा वाचली, चष्मा काढला.

“दादा, वाक्य सुंदर आहे. पण हे वाक्य कायद्यात बसत नाही.”

“पहिलंही बसत नव्हतं. मी बसवलं.”

“आणि ही रांगोळी काय आहे?”

“प्रमुखाची सही.”

त्यांनी कागद उभा धरला, आडवा धरला. “पहिलं नाव कुणाचं?”

“फिरवाल तिथं पहिलं.”

“थट्टा सोडा. मी जुन्या गोष्टींचा वैरी नाही. माझी आई अशाच गल्लीत बटणं शिवायची. पण प्रमुखाचा रकाना शोभेसाठी नसतो. वस्तू सदोष निघाली, कुणाचा हात तुटला, तर मी कुणाला धरायचं? त्रेचाळीस जण जबाबदार म्हणजे कुणीच जबाबदार नाही. आधुनिक म्हणजे एवढंच, दादा: काय बिघडलं तर कुणाला विचारायचं, ते ठाऊक असणं. काच आणि लिफ्ट नंतर.”

हा युक्तिवाद उत्तम होता. माझ्या आयुष्यात मेंगने इतका चांगला युक्तिवाद कधी केला नव्हता. मी म्हणालो, “क्रमांक आहेत. विचारून पाहा.”

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिले, कागद टेबलावर गरकन फिरवला आणि जेथे तो थांबला तेथल्या क्रमांकावर फोन लावला. आवाज मोठा ठेवला. ह्वांगने उचलला.

“तुमच्या गल्लीतनं तोटी करून घेतली होती,” मेंग म्हणाले. “तडकली. ओतकाम कच्चं आहे.”

“तडकली? चुकलं आमचं. घेऊन या, बदलून देतो.”

“पण तुम्ही तर बफिंग करता ना?”

“हो, मग? माझ्या हाताखालनं गेली ना ती. भेग मला दिसायला हवी होती.”

मेंगनी फोन ठेवला. त्यांनी पुन्हा कागद फिरवला. या खेपेस शिम.

“एका झाकणाची भोकं वाकडी पडलीत.”

“किती वाकडी?”

“बोल्ट बसत नाही.”

“वाकड्या भोकांवर मी मुलामा चढवला म्हणजे. माझीच चूक, साहेब. वस्तू कुठं पाठवू न्यायला?”

“भोकं तुम्ही पाडलीत का?”

“पाडली नाहीत. पण पुढं तर मीच जाऊ दिली ना.”

मी त्या वेळी मेंगकडे पाहत नव्हतो; खिडकीकडे पाहत होतो, कारण माझा चेहरा मला दाखवायचा नव्हता. काम कोणाचे हे लिहिताना जे लोक एवढे संकोचले होते, ते दोष कोणाचा हे विचारताच एकमेकांच्या पुढे येऊन उभे राहत होते. हे मला कोणी सांगितले नव्हते. चौदा दिवसांत मी ते विचारलेही नव्हते. माझ्या तक्त्यात तसा रकानाच नव्हता.

तिसऱ्या वेळी कागद गिलकाकूंपाशी थांबला.

“तुमच्याकडनं एक वस्तू बनवून घेतली होती. बिघडली आहे.”

“कसली वस्तू?”

मेंगना ऐन वेळी काही सुचेना. “चाक. छोटं चाक.”

“कशाचं?”

“खुर्चीचं.”

“कोण बोलतंय? आवाज साहेबी दिसतोय. बरं, असू दे. मीच केलं असणार. फिरत नाही का डुगडुगतंय?”

“डुगडुगतंय.”

“मग आसावरचा बूश झिजलाय. आज चारच्या आत आणा, संध्याकाळी भट्टी बंद होते. आणि साहेब, चाक खुर्चीतनं नीट उपटून आणा, मागच्या वेळी एकानं सगळी खुर्ची आणली होती. गल्लीत वळेना.”

“आणतो,” मेंग म्हणाले, आणि शब्द तोंडून निसटल्यावर फोनकडे पाहत राहिले.

मग त्यांनी जुन्या व्याख्येवर एक सरळ रेघ ओढली, नव्या व्याख्येखाली सही केली, आणि तक्त्यावरच्या नावांच्या वर्तुळामध्ये, वाडग्याने मोकळ्या ठेवलेल्या जागेत, संस्थेचा शिक्का उमटवला. संगणकवाल्याला बोलावून प्रमुखाच्या रकान्यात त्रेचाळीस नावे मावतील इतकी जागा करायला सांगितले. तो म्हणाला, नियमात बसत नाही. मेंग म्हणाले, नियम करणारा इथे बसला आहे, आणि माझ्याकडे बोट केले. अंक अठ्ठ्याऐंशी आला. दोन वाजून चाळीस मिनिटांनी तो समितीकडे रवाना झाला.

मी कागद पिशवीत भरत होतो. मेंग कोट चढवून उभे राहिले, पण दाराकडे गेले नाहीत. खोलीभर त्यांनी एक नजर फिरवली. भेटायला येणाऱ्यांसाठी ठेवलेल्या चाकांच्या खुर्च्या एकेक करून हलवून पाहिल्या. तिसरी किंचित डुगडुगली.

“दादा, स्क्रूड्रायव्हर आहे का तुमच्याकडे?” त्यांनी गुडघ्यांवर बसून खुर्ची उलटी केली. “चारच्या आत न्यायचंय.”